करवंदाची काकवी

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी सात वाजता मी रंकाळा स्टँडजवळ करवंदे घेत उभी होते. गगनबावडा आणि राधानगरीच्या बाजूने पहिल्या एस. टी.ने उतरणाऱ्या बायका तिथे रस्त्याच्या कडेला पोते अंथरून बसतात, बुट्टीतली करवंदे काढून समोर वाटे मांडतात आणि दहाच्या आत माल संपवून परतीची गाडी धरतात. मी ज्या मावशींकडून घेत होते त्यांच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत काट्यांचे ओरखडे होते, काही वाळलेले, काही कालचेच. मी एकदम आठ वाटे मागितले तेव्हा त्यांनी मान वर करून माझ्याकडे नीट पाहिले. “येवढ्या करवंदांचं काय करनार, वैनी?” मी म्हणाले, “सिरप करणार आहे.” त्यांनी खऱ्या काळजीने विचारले, “खोकल्याचं?” मग मी समजावून सांगितले की करवंदे शिजवायची, रस गाळायचा, साखर घालून तो आटवायचा आणि सकाळी आंबोळीवर घालून खायचा. त्यांनी वाटे पिशवीत ओतता ओतता सहज म्हटले, “म्हंजे करवंदाची काकवीच की.” मी लगेच म्हणाले, “नाही मावशी, काकवी उसाची असते.” माझ्या आवाजात कारण नसताना धार आली होती. त्या काहीच बोलल्या नाहीत. वर मूठभर करवंदे जास्तीची घातली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

ते वाक्य दिवसभर माझ्या मागे लागले.

सिरपची गरज मुळात माझ्या लेकीमुळे निर्माण झाली. ती पुण्याला नोकरी करते आणि सुटीला आली की रविवारी आंबोळ्या व्हाव्यात असा तिचा आग्रह असतो. माझ्या सासूबाई आजऱ्याकडच्या, त्यामुळे आमच्याकडे आंबोळी त्यांच्या पद्धतीने होते. तांदूळ, उडीद आणि थोडी मेथी भिजवून वाटायची, रात्रभर आंबवायची, बिडाच्या तव्यावर जाडसर पसरायची आणि झाकण ठेवून एकाच बाजूने भाजायची. झाकण काढल्यावर वरच्या बाजूला जी जाळी पडलेली दिसते, ती बघण्यातच अर्धे सुख असते. चटणीबरोबर दोन आंबोळ्या झाल्या की तिसरी गोड खायची, हा लेकीचा लहानपणापासूनचा नेम आहे. या वेळी तिने पुण्याहून सिरपची एक बाटली आणली होती. तिच्यात गोडी भरपूर होती, रंग डोळ्यांत भरणारा होता आणि वासही सुरेख होता, पण फळ कुठे आहे हे जिभेला सापडत नव्हते. शिवाय ते इतके पातळ होते की जाळीच्या छिद्रांतून थेट खाली उतरून ताटलीत पसरत होते आणि आंबोळी खालून भिजत होती. मला वाटले, दारात करवंदांचा हंगाम चालू असताना आपण हे विकतचे का खावे?

घरी आणलेली करवंदे मी परातीत ओतली. करवंद हाताळलेल्या माणसाला त्याचा चीक ठाऊकच असतो. देठ खुडला की पांढरा दुधासारखा थेंब येतो आणि बोटांना असा धरतो की साबणाने जात नाही. हाताला गोडेतेल लावून बसावे लागते, आणि ज्या भांड्यात करवंदे धुवायची त्याच्या कडेलाही तेलाचा हात फिरवावा लागतो. देठ काढताना लेकीने एक फळ दाताने फोडले आणि आतला लाल रंग बघून “कोंबडा” म्हणाली. लाल निघाले तर कोंबडा, पांढरे निघाले तर कोंबडी, हा करवंदांचा खेळ. तिच्या वाटणीची पुढची सगळी करवंदे तपासून होईपर्यंत काम थांबले. काळी, मऊ पडलेली फळे बाजूला काढावीत आणि लालसर, अर्धी कच्ची वेगळी ठेवावीत, हे त्या दिवशी मला सुचले नाही. सगळी एकत्रच स्टीलच्या पातेल्यात गेली. ॲल्युमिनियमचे पातेले मी मुद्दाम घेतले नाही, कारण इतक्या आंबट रसाला ते चालत नाही. फळे बुडतील न बुडतील इतके पाणी घालून मंद आचेवर ठेवले. पहिली पाच मिनिटे काही घडत नाही. मग एखादे फळ आवाज न करता तडकते आणि त्याच्याभोवतीच्या पाण्यात गुलाबी धूर सोडल्यासारखा रंग पसरतो, मग दुसरे तडकते, आणि बघता बघता सगळे पातेले गर्द किरमिजी होते. त्या वेळी स्वयंपाकघरात जो वास येतो त्याला नेमके नाव नाही. उन्हात तापलेल्या झुडपाचा, हिरव्या देठाचा आणि आंबट गोडाचा तो एकत्र वास आहे. तो मला थेट पन्हाळ्याच्या उतारावर घेऊन गेला, जिथे आम्ही शाळेच्या सहलीला रस्ता सोडून जाळ्यांत शिरलो होतो आणि फ्रॉक फाटल्याबद्दल बोलणी खाल्ली होती.

रस पांढऱ्या पंच्यातून गाळला. पंचा पिळायचा मोह होतो, पण पिळला की गर आणि चीक दोन्ही उतरतात आणि रस गढूळ होतो, म्हणून तो नळाला बांधून दोन तास नुसता ठिबकू दिला. मग वाटीला वाटी साखर घालून रस परत चुलीवर चढवला. एका इंग्रजी पाककृतीत असे पाक १०५ अंश सेल्सिअसला उतरवावेत असे वाचले होते आणि त्यासाठी मी मुद्दाम तापमापक आणला होता. पाक १०० अंशांना पातळ दिसला, १०२ ला पातळ दिसला, १०४ लाही पळीवरून पाण्यासारखाच घसरत होता. आकड्यावर भरवसा ठेवून मी १०५ होईपर्यंत थांबले आणि मग बाटल्या भरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली उलटी केली तर काहीच बाहेर आले नाही. आतला पाक आरशासारखा तुकतुकीत, गडद आणि अगदी निश्चल होता. सुरीच्या टोकाने उकरून काढला तेव्हा त्याचे थरथरणारे तुकडे ताटलीत पडले. लेकीने ते आंबोळीवर ठेवून निमूटपणे खाल्ले आणि चव फार चांगली आहे असे सांगितले. ते खरेही होते. पण मला जे हवे होते ते हे नव्हते.

त्या बाटलीकडे बघताना मला आप्पांची आठवण झाली.

आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. करवीर तालुक्यातल्या आमच्या गावी आमचे गुऱ्हाळ होते आणि त्याचे गुळव्ये, म्हणजे पाक पारखून गूळ उतरवणारे, तेच होते. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिले आहे त्यांना मी काही वेगळे सांगायला नको, पण मला आठवते ते असे. दिवाळी पाडव्याला बाजारात नव्या गुळाचे सौदे निघाले की गावात चरक्यांचा आवाज सुरू व्हायचा आणि तो उन्हाळा लागेपर्यंत थांबायचा नाही. चुलवणात चिपाडे सारणारा गडी जाळाने लाल झालेला असायचा. काईल, म्हणजे रस आटवायची कढई, इतकी मोठी की आम्ही मुले तिच्याजवळ जायचो नाही. रस तापू लागला की आप्पा ठेचून भिजवलेल्या रानभेंडीचे बुळबुळीत पाणी त्यात ओतायचे. ते रसातला मळ धरून वर आणायचे आणि काळपट फेसाची मळी मोठ्या झाऱ्याने बाजूला काढली जायची. मग रसाचा रंग पालटायचा, आधी हिरवट, मग पिवळा, मग मधासारखा. पण यातले मला सगळ्यात स्पष्ट आठवते ते आप्पांचे ऐकणे. ते काईलीकडे पाठ करून कोणाशी तरी बोलत असायचे आणि मध्येच थांबून कान द्यायचे. सुरुवातीला रस खळखळ वाजतो. आटत आला की बुडबुडे जड होतात आणि आवाज खाली उतरतो, दलदलीत पाय काढल्यासारखा. तो आवाज आला की आप्पा वळायचे, लाकडी फावड्याचे टोक पाकात बुडवून उजेडाकडे आडवे धरायचे आणि कडेवरून गळणारे थेंब बघायचे. थेंब सुटे सुटे पडत असतील तर अजून वेळ आहे. दोन थेंब एकमेकांना धरून पदरासारखे एकत्र सुटले की ते म्हणायचे, “काकवी काढा.” माझी आई आणि काकू तिथे कळशा घेऊन उभ्याच असायच्या. घरच्यापुरती काकवी निघाली की आग पुन्हा वाढायची, कारण गुळासाठी पाक अजून पुढे न्यायचा असायचा. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांत वळली की काईल उतरायची, गार करायच्या वाफ्यात पाक ओतायचा, घोटायचा आणि रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, बांधायचे.

तेव्हा मला कळले नव्हते, आता आकड्यांत कळते. काकवी साधारण १०५ अंशांच्या आसपास उतरते आणि गूळ सुमारे ११८ ला. या दोन आकड्यांच्या मध्ये मिनिटांचेच अंतर असते, आणि आप्पांची सगळी हुशारी त्या अंतरात होती. गुळासाठी कोठे थांबायचे हे गावात दहा जणांना कळत असे. काकवीसाठी थांबणे त्याहून अवघड होते, कारण उकळता पाक कधीही आपला खरा दाटपणा दाखवत नाही. तो गार झाल्यावर काय होईल हे गरम असतानाच ओळखावे लागते. जिला आम्ही मुले नुसती बोटाने चाटायचो त्या पदार्थामागे एवढे शहाणपण होते.

काकवीशी माझे नाते मात्र सरळ नव्हते. हिवाळ्यात सकाळी गरम भाकरीचा पापुद्रा उचलून आत काकवी आणि तूप सोडायचे, आणि ती भाकरी चुलीपाशी बसून खायची, यापेक्षा चांगली न्याहारी मी अजून खाल्लेली नाही. पण आठवीत मला कोल्हापूरच्या शाळेत घातले आणि आईने डब्यात चपातीबरोबर एका छोट्या बाटलीत काकवी दिली. बाटलीचे झाकण दप्तरात सैल झाले. भूगोलाच्या वहीची पाने एकमेकांना चिकटली, दुपारपर्यंत बाकावर मुंग्यांची रांग लागली आणि वर्गातल्या मुलींनी ‘हे काय आहे’ असे विचारल्यावर मी ‘औषध आहे’ असे सांगितले. घरी जाऊन आईला म्हणाले की उद्यापासून जॅम दे. आईने दुसऱ्याच दिवशी जॅमची बाटली आणली. तिने मला एका शब्दानेही विचारले नाही, आणि तेच मला आज जास्त टोचते. स्टँडजवळच्या मावशींनी सिरपला ‘काकवीच की’ असे म्हटले तेव्हा माझा आवाज का चढला असावा, हे मला आता थोडे थोडे उमगू लागले आहे.

कोल्हापूरच्या माणसाने काकवीबद्दल संकोच बाळगावा यात केवढी विसंगती आहे! हे शहर गुळावर मोठे झाले. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली ती मुख्यतः गुळाच्या व्यापारासाठी, आणि २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आम्ही सगळे अभिमानाने बोललो. पण आमचे स्वतःचे गुऱ्हाळ तोपर्यंत बंद झाले होते. ऊस कारखान्याला जाऊ लागला, गडी मिळेनासे झाले आणि आप्पांचे डोळे अधू झाले. काईल परड्यात पालथी पडली आहे. पावसाळ्यात तिच्यावर थेंब पडतात तेव्हा तिचा आवाज अजून गंभीर येतो. आप्पांनी मला पाक ओळखायला शिकवले नाही, आणि मी शिकवा असे म्हटलेही नाही. मुलीने काईलीपाशी उभे राहायचे नाही असा तेव्हाचा समज होता, पण तो समज मला फार जाचला होता असे आज म्हणणे खोटेपणाचे होईल. मला त्या वेळी तिथे उभे राहायचेच नव्हते.

पुढच्या रविवारी मी परत करवंदे आणली. मावशी त्या दिवशी दिसल्या नाहीत, दुसऱ्या एका बाईकडून घेतली. पहिल्या वेळी पाक जास्त आटला म्हणून या वेळी मी घाबरत घाबरत साखर विरघळून एक उकळी येताच तो उतरवला. पातळ, सुंदर, माणकासारखा झाला होता आणि आंबोळीच्या जाळीत बऱ्यापैकी उतरत होता. दोन बाटल्या भरून फडताळात ठेवल्या. सहाव्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरातून खेळण्यातल्या बंदुकीसारखा आवाज आला. जाऊन बघते तर एका बाटलीचे झाकण उडून ओट्याखाली गेले होते, तोंडातून गुलाबी फेस बाहेर येत होता आणि सगळीकडे आंबूस वास भरला होता. साखर ही पाकात गोडीसाठी असते एवढेच आपण धरून चालतो, पण तीच त्याची राखण करते. साखरेचे प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास असले की जीवाणूंना आणि यीस्टला वापरता येईल असे मोकळे पाणी पाकात फारसे उरत नाही. माझ्या दुसऱ्या पाकात ते प्रमाण बरेच कमी होते आणि मे महिन्याच्या उकाड्याने बाकीचे काम केले. दुसरी बाटली मी मोरीत हळूच उघडून ओतून दिली. तो गुलाबी ओघळ जाळीतून खाली जाताना बघून मला फार वाईट वाटले. त्यात कोणाच्या तरी हातांवरचे ओरखडे होते.

त्या संध्याकाळी मी पातेल्यात नुसते पाणी उकळायला ठेवले आणि त्यात तापमापक धरला. पाणी खदखदत होते आणि आकडा ९८ वर थांबला होता. आधी मला तापमापकच बिघडला असे वाटले. मग लक्षात आले की कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे आणि उंची वाढली की पाणी कमी तापमानाला उकळते. त्या पाककृतीतले १०५ अंश समुद्रसपाटीवरच्या स्वयंपाकघरातले होते, म्हणजे तिथल्या उकळत्या पाण्याच्या पाच अंश वर. माझ्या स्वयंपाकघरात १०५ म्हणजे सात अंश वर होत होते, आणि तेवढ्या जास्तीच्या आटण्यात माझ्या पाकाची जेली झाली होती. त्यात मी अर्धी कच्ची फळे टाकली होती. कच्च्या करवंदात पेक्टिन, म्हणजे पाक जेलीसारखा बसवणारा फळातला घटक, भरपूर असते, आणि पेक्टिन, आंबटपणा व साखर ही तिन्ही नीट जुळली की पाक घट्ट बसायला दुसरे काही लागत नाही. मुरंबा करताना आपण एकतारी, दोनतारी, गोळीबंद असे पाक बोटांवर ओळखतो, पण ती ओळख निव्वळ साखरेच्या पाकाची आहे. करवंदाच्या रसात ती फसवते, कारण इथे तार धरण्याआधीच पेक्टिन आपले काम करून मोकळे झालेले असते.

तिसऱ्या वेळी मी काळी, पूर्ण पिकलेली फळेच घेतली. करवंदांचे ते शेवटचे दिवस होते. एकदा वळवाचे दोन पाऊस पडून गेले की त्यांच्यात पाणी भरते आणि अळी धरते, त्यामुळे आता नाही तर पुढच्या वर्षी, अशी घाई होती. फळे जेमतेम फुटेपर्यंत शिजवली. फ्रिजमध्ये दोन बशा गार करत ठेवल्या. बाटल्या दहा मिनिटे पाण्यात उकळून घेतल्या. पाक १०० अंशांवर आला तेव्हा मी तापमापक बाजूला ठेवला, पळी बुडवून खिडकीच्या उजेडात आडवी धरली आणि थांबले. थेंब सुटे पडत होते. परत बुडवली. सुटेच होते. पाकाचा आवाज बदलला हे मी आधी ऐकले आणि मग पाहिले: पळीच्या कडेवर डावीकडचा थेंब सरकत उजवीकडच्या थेंबापाशी आला, क्षणभर दोन्ही लोंबकळले आणि एकत्र होऊन पडले. मी गॅस बंद केला. गार बशीवर चमचाभर पाक टाकून त्यातून बोट ओढले तर रेघ उमटली आणि तीन आकडे मोजेपर्यंत सावकाश बुजली. मग तापमापक घालून बघितला. तो १०१ दाखवत होता, पाण्याच्या तीन अंश वर. आटवणे थोडे अलीकडे थांबवल्यामुळे ही बाटली फ्रिजमध्येच ठेवावी लागते, आणि ते मला मान्य आहे.

दुसऱ्या दिवशी आंबोळीवर तो सोडला. चमच्यातून तो धारेने न पडता आधी ओठंगून राहिला आणि मग एकसारखा उतरला. जाळीच्या प्रत्येक छिद्रात एक एक गडद थेंब भरून थांबला, खाली पाझरला नाही. आंबोळीच्या आंबूसपणाला करवंदाचा आंबटपणा भेटला आणि तरीही दोन्ही वेगवेगळे कळत होते. मागून देठाकडची किंचित तुरट चव आली, जी विकतच्या कुठल्याही बाटलीत कधी येत नाही. लेक पुण्याला परत गेली होती. मी एकटीच खात होते आणि काय म्हणावे ते मला सुचत नव्हते, कारण जो पदार्थ माझ्या समोर होता त्याचा दाटपणा, त्याची चमक आणि त्याचे ताटलीच्या कडेला थांबून राहणे मला जन्मापासून ओळखीचे होते.

सिरप हा शब्द मी मुद्दाम शोधला. तो आणि आपले सरबत हे एकाच अरबी मुळातून आले आहेत, ज्याचा अर्थ पिणे असा आहे. म्हणजे ज्याला मी नवा, परका, नेमका शब्द समजत होते तो पेयाचा शब्द निघाला. उलट उसाचा रस आटवून केलेल्या दाट पण ओघळत्या पाकाला संस्कृतात फाणित म्हणतात आणि आयुर्वेदात त्याचे गुणदोष सांगितले आहेत. तीच आपली काकवी. पाकाची एक विशिष्ट अवस्था ओळखून तिला नाव देणे हे आपल्याकडे फार जुने आहे. रस कोणत्याही फळाचा असो, तो आटवून, धार धरेल पण बसणार नाही इतक्यावर थांबवलेली गोष्ट जर कोणी काकवी म्हटली, तर तिने पदार्थाला त्याच्या थांबण्याच्या जागेवरून ओळखले असे म्हटले पाहिजे. मी त्याला उसावरून ओळखत होते. चूक माझी होती.

मग मला नाद लागला. कणकवलीच्या मावसबहिणीला फोन केला तर ती म्हणाली की त्यांच्याकडे कोकमाला विस्तव लागतच नाही. फोडलेल्या कोकमांत साखरेचे थर देऊन बरणी उन्हात ठेवायची, साखर आपणच फळातले पाणी ओढून घेते आणि आठवड्याभरात बरणीत लालभडक पाक उभा राहतो. ती पद्धत मला फार आवडली, पण करवंदाला ती लागू पडेल असे वाटत नाही, कारण चीक शिजल्याशिवाय मरत नाही. साखरेऐवजी आपला गूळ घालून एक छोटा घाणा केला. त्याने मात्र माझी निराशा केली. गुळाची चव मोठी असते, ती करवंदाला बोलू देत नाही, आणि तो सुंदर किरमिजी रंग मातकट होतो. गुळाच्या गावात राहून हे लिहिताना जरा जड जाते, पण फळाच्या पाकाला साखरच हवी असे माझे मत झाले आहे. उसाची काकवी तिची तिचीच, एकटीच चांगली.

जूनच्या मध्याला स्टँडजवळ जांभळे आली आणि त्या मावशी परत दिसल्या. ओलसर रस्त्यावर प्लास्टिकचा कागद पसरून, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन बसल्या होत्या. मी पिशवीतून तिसऱ्या घाण्याची एक बाटली काढून त्यांच्यासमोर धरली. त्यांना मी आठवत नव्हते. रोज शंभर माणसे येतात, त्यात काही नवल नाही. “मावशी, तुमच्या करवंदांची काकवी केली,” मी म्हणाले. ते पूर्णपणे खरे नव्हते, कारण तिसऱ्या वेळची करवंदे दुसऱ्या कोणाकडची होती, पण मला तसेच म्हणायचे होते. त्यांनी बाटली उजेडाकडे धरून हलवली आणि आतला पाक काचेवरून कसा उतरतो ते पाहिले. आप्पा तसेच बघायचे. मग झाकण काढून तळहातावर दोन थेंब घेतले, चाटले, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

“ग्वाड झालीया,” त्या म्हणाल्या. “पाक ब्येस उतरलाय. पर मीठ इसरलासा वैनी. करवंदाला मीठ लागतंय.”

त्यांनी बाटलीचे झाकण घट्ट लावले, ती बुट्टीच्या तळाशी पानांखाली नीट आडवी ठेवली आणि माझ्यासाठी जांभळांचे दोन वाटे द्रोणात भरायला घेतले. पैसे देताना मी विचारले, जांभळाला किती घालू. त्यांनी अंगठा आणि तर्जनी जुळवून चिमूट दाखवली, मग थोडा विचार करून ती आणखी थोडी लहान केली. “आनि लिंबू पिळा, न्हाईतर रंग काळा पडतोय.” तोवर त्यांच्या गाडीची वेळ झाली होती.

घरी आल्यावर फ्रिजमधून उरलेली शेवटची बाटली काढली, पाक पातेल्यात ओतून कोमट केला आणि त्यात चिमूटभर मीठ टाकून ढवळत राहिले. जांभळांचा द्रोण ओट्यावर तसाच होता, आणि त्याच्या खालच्या शिवणीतून जांभळा रस पाझरून फरशीवर उतरत होता.